राईच्या दगडाबाहेरून

वकीलसाहेबांनी गाडीच्या डिकीतून कोयता काढला तेव्हाच मुक्ताबाईंच्या कपाळाला आठी पडली. बाकीचं सामान नेहमीचं होतं: कॅमेऱ्याच्या दोन पेट्या, तिपाई, आत लपून बसायचा खाकी तंबू, चहाचा थर्मास. कोयताही नेहमीचाच होता, आणि आठी पडायचं कारण तेच.

चौऱ्याहत्तर सालचा चैत्र होता. साहेब मुंबईचे. हायकोर्टात वकिली, लोणावळ्यात बंगला आणि पाखरांचे फोटो काढायचा नाद. नादाला पैसा लागतो, वेळ लागतो आणि ऐकून घेणारी माणसं लागतात, ते तिन्ही साहेबांकडे मुबलक होतं. त्यांच्या फोटोंना मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळत. ते फोटो धुतले आणि छापले जात ते मात्र लोणावळ्याच्या बाजारात, मुक्ताबाईंच्या स्टुडिओत. मुक्ताबाई मूळच्या इंदुरी गावच्या, शेतकऱ्याघरच्या. डार्करूमचं काम नवऱ्याने शिकवलं. तो गेल्याला चार वर्षं झाली होती आणि स्टुडिओ त्या एकट्या चालवत होत्या. बाईमाणसाला हे झेपायचं नाही म्हणून जे मान हलवत होते, ते आता आपल्या पोरींचे स्थळाला दाखवायचे फोटो त्यांच्याकडूनच काढून घेत.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी कुसगावच्या ओढ्यावर हळद्याचं घरटं गाठलं होतं. पाखरू नीट दिसावं, उजेड यावा म्हणून घरट्याभोवतीच्या फांद्या छाटल्या. फोटो झकास आला, फक्त त्यात छाटलेल्या फांद्यांचे पांढरे बुडखे उठून दिसत होते. मुक्ताबाईंनी बारीक कुंचला घेतला आणि फोटोवर काळी शाई भरून ते बुडखे असे नाहीसे केले की परीक्षकांच्या बापालाही कळलं नसतं. बक्षीस आलं, साहेबांनी पेढे दिले. पुढच्या बाजाराला डोंगरावरच्या वाडीतली चिमाबाई करवंदं घेऊन आली आणि तिने सहज सांगितलं की ओढ्यावरची ती तीन पिल्लं उघड्यावर पडली आणि उन्हाने वाळून मेली. मुक्ताबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. आपण फोटोवरचा डाग पुसला असं त्यांना वाटत होतं, आपण पुसला तो पुरावा होता. तेव्हापासून त्यांना स्वतःचा राग होता, आणि असा राग बाहेर पडायला वाट शोधत असतो.

आज ती वाट सापडली. चिमाबाईच्या वाडीवर वाघजाईची राई, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान आहे. तिथल्या बेहड्याच्या एका झाडावर सर्पगरुडाने घरटं केलंय आणि आत एकच पिल्लू आहे, ही बातमी साहेबांना कुठून तरी लागली होती. फोटोंच्या नोंदी लिहायला म्हणून त्यांनी मुक्ताबाईंना सोबत घेतलं होतं. राईच्या कडेला शेंदूर लावलेला हद्दीचा दगड होता आणि दगडापाशी चिमाबाई उभी होती. तिची साठी उलटली असेल, पण ती हलायचं नाही म्हणाली तर तिला हलवायला दोन बैल लागले असते.

"हितं पायतान न्हाई, चामडं न्हाई," ती म्हणाली. "आन इळा-कोयता तर न्हाईच न्हाई."

साहेबांनी बूट काढले. चामड्याचा पट्टाही काढला आणि एका हाताने पँट धरून उभे राहिले. तेवढ्या बाबतीत माणूस खिलाडू होता. कोयता मात्र सोडेनात. तीन फांद्या, फार तर चार, असं ते चिमाबाईला समजावू लागले. समोरच्या झाडावर मचाण बांधायचं, तंबू लावायचा, मधला पाला काढायचा. त्याशिवाय फोटो निघतच नाही, जगात सगळे असेच काढतात, पाखराला त्याचं काही नसतं.

मुक्ताबाईंना पाखराला काय असतं ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, "फोटो दगडाच्या बाहेरूनही निघेल, साहेब."

साहेब हसले. दगडापासून बेहडा साठ पावलांवर. त्यांच्या झूम लेन्समधून एवढ्या लांबून फिल्मवर गरुड येणार ज्वारीच्या दाण्याएवढा. मुक्ताबाई म्हणाल्या, मग डबलर लावू.

डबलर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसवायची काचांची आखूड नळी. ती लावली की लेन्स दुप्पट जवळचं दाखवते. साहेबांनी परदेशातून एक मागवला होता, हातात कॅमेरा धरूनच दहा-बारा फोटो काढले, सगळे धुरकट आले. काच रद्दी आहे म्हणून त्यांनी तो मुक्ताबाईंच्या टेबलावर कागद दाबायला दिला होता. आळशी माणसाचं खेळणं, असं ते म्हणाले. त्याने फोटो निघाला तर मी कोयता धरणं सोडीन.

"सोडा मग," मुक्ताबाई म्हणाल्या.

बोलून गेल्यावर मागे घ्यायचा प्रश्न नव्हता. साहेबांनी अटी कोर्टातल्यासारख्या मांडल्या. आठ दिवस. त्यांचा दुसरा कॅमेरा, झूम लेन्स आणि तिपाई त्यांनीच द्यायची, म्हणजे सामान वाईट होतं अशी सबब नको. पिल्लू काय खातंय ते फोटोत स्पष्ट ओळखू आलं पाहिजे. आलं तर साहेब राईत पाऊल टाकणार नाहीत. नाही आलं तर रविवारी मचाण बांधायचं आणि त्यांना कोणी आडवं यायचं नाही. मुक्ताबाईंनी मान डोलावली.

गाडी गेल्यावर चिमाबाईने त्यांना धारेवर धरलं.

"राई तुजी हाय का बाय? तू कोन सबूद देनारी?"

तीन पिल्लांचं पाप डोक्यावर असताना मुक्ताबाईंनी चौथं पिल्लू डावावर लावलं होतं, तेही दुसऱ्याच्या देवीचं. पण एवढं केलं नसतं तर साहेबांनी त्याच दुपारी फांद्या पाडल्या असत्या, हेही खरं होतं. राईच्या वरच्या अंगाला, दगडाच्या बाहेर, एक कातळ आहे आणि तिथून घरटं डोळ्यांच्या रेषेत येतं, एवढं चिमाबाईने हाताने दाखवलं आणि निघून गेली.

सोमवारी मुक्ताबाईंनी स्टुडिओला कुलूप लावलं आणि पदर खोचून डोंगर चढल्या. डबलर लावून डोळा लावला तर गरुडाची मादी वाटाण्याएवढी दिसत होती, पण आत नुसता अंधार. ती नळी जवळचं दाखवते खरी, पण उजेड खाते. चार वाट्यांतली एकच वाटी कॅमेऱ्यात पोचते. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवायचा आणि तेवढ्या वेळात पाखरू किंवा तिपाई किंचितही हलली की फोटो पुसट. पहिला रोल धुतला तर छत्तीसच्या छत्तीस फोटोंत गरुडाच्या जागी एक करडा गोळा होता. मुक्ताबाई डार्करूमच्या लाल दिव्यात उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आलं. मग रडण्याचा राग आला.

मंगळवारी त्यांनी तिपाईला धोंड्यांची पिशवी टांगली, म्हणजे वाऱ्याने थरथर नको. बटण बोटाने न दाबता त्याला जोडलेल्या लांब तारेने दाबायचं ठरवलं. लेन्सचं तोंड सताड उघडं ठेवलं की चित्र मऊ पडतं, ते कड्यावरच्या दोन खुणांएवढं आवळलं की कडा रेखीव येतात, हेही कळलं. पण आवळलं की उजेड आणखी कमी. बुधवारी दिवसभर बसून पाहिलं तेव्हा ध्यानात आलं की सकाळी पावणेनऊ ते नऊ, एवढा पाव तास, पानांच्या फटीतून ऊन थेट घरट्यात उतरतं. बाकी दिवसभर सावली. एक फांदी तर घरट्यावर अशी आडवी होती की फोटोत ती येणारच. मुक्ताबाईंनी कातळावर चार जागा बदलल्या. फांदी काही टळेना. शेवटी त्यांनी तिच्याशी भांडण सोडलं.

प्रश्न राहिला हलण्याचा. गरुडाची मादी साप आणायची, पायाखाली दाबायची आणि तुकडे तोडून पिल्लाला भरवायची, आणि त्यात तिची मान सारखी खालीवर. गुरुवारचा रोलही वाया गेला. शुक्रवारी मुक्ताबाईंनी बटण दाबलंच नाही, नुसतं पाहत बसल्या. आणि त्यांना स्वतःचाच धंदा आठवला. बारशाच्या रडक्या पोराचा फोटो कसा काढतात? दोन हुंदक्यांच्या मधे ते क्षणभर थांबतं, तो क्षण धरतात. ही मादीही थांबत होती. तुकडा तोडला की ती तो चोचीत धरून पिल्लापुढे मान झुकवायची आणि पिल्लू तोंड उघडेपर्यंत तशीच राहायची. मनात एक-दोन म्हणेपर्यंत. कोणत्याही आईला तेवढा धीर धरावाच लागतो.

शनिवारी पावणेनऊला ऊन उतरलं. मादी हिरवट लांब साप घेऊन आली. मुक्ताबाईंनी श्वास धरला, आणि ती जेव्हा जेव्हा थांबली तेव्हा तेव्हा तार दाबली. पाव तासात सात फोटो. पलीकडे चिमाबाई कधी येऊन बसली होती ते त्यांना कळलंही नाही. फिल्म त्यांनी औषधात नेहमीपेक्षा बराच वेळ ठेवली, म्हणजे कमी उजेडाची थोडी भरपाई होईल. सातातले सहा गेले. एक राहिला. तो त्यांनी मोठा करून छापला, वाळत घातला आणि कधी नव्हे त्या गाढ झोपल्या.

रविवारी सकाळी साहेब गाडीत मचाणाचं सामान भरूनच स्टुडिओत आले. चिमाबाई उंबऱ्यावर बसली होती. भिंतीवर साहेबांचे बक्षिसाचे सहा फोटो होते. मुक्ताबाईंनी आपला फोटो टेबलावर ठेवला.

साहेबांनी चष्मा चढवला, खिशातून भिंग काढलं. फोटो रव्यासारखा दाणेदार झाला होता, कडा काळवंडल्या होत्या, आणि आडवी फांदी गरुडाच्या पंखावरून आरपार गेली होती. पण चोचीतला सापाचा तुकडा दिसत होता, पायाखालचा उरलेला साप दिसत होता आणि पिल्लाचं उघडं तोंडही.

"साप आहे," ते म्हणाले. मग त्यांच्यातला वकील जागा झाला. ओळखू येतंय हे कबूल, पण याला फोटो म्हणायचं का? कोणतंही परीक्षक मंडळ हा परत पाठवील. फांदी सगळ्याच्या मुळावर आली. फांदी नसती तर गोष्ट वेगळी. एकच फांदी काढली आणि पुन्हा घेतला, तर...

"त्या फांदीच्या सावलीत ते पिल्लू जगलंय, साहेब," मुक्ताबाई म्हणाल्या. "पाव तास सोडला तर दिवसभर ऊन तीच अडवते. हळद्याच्या घरट्यावर अशीच एक फांदी होती. ती तुम्ही छाटली, आणि तिचा बुडखा मी शाईने झाकला. तिन्ही पिल्लं मेली. आता मी झाकणार नाही. तोडलेल्या फांदीचा एकही फोटो या स्टुडिओत धुतला जाणार नाही, तुमचा असो नाहीतर कुणाचाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. बारा वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी, असं ते म्हणाले. मुक्ताबाईंना ते माहीत होतं. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि नजर त्यांनी खाली घातली नाही.

चिमाबाई उठली. टेबलावरच्या फोटोवर वाकून तिने बराच वेळ पाहिलं. मग भिंतीवरच्या सहा फोटोंसमोरून ती हळूहळू फिरली. जन्मात तिने असे फोटो एवढ्या जवळून पाहिले नव्हते.

"सायेब," ती म्हणाली, "ही समदी पाखरं तुमच्याकडं बगत्यात. भ्यालीत ती. हिचं ध्यान लेकराकडं हाय."

साहेबांनी मान वळवली. हळद्या, सुतार, खंड्या, बुलबुल, घुबड, टिटवी. सहा चौकटींतून बारा डोळे, मान ताठ, पिसं फुगलेली, थेट त्यांच्यावर रोखलेले. त्या नजरेला ते इतकी वर्षं उत्तम फोकस म्हणत आले होते.

ते खुर्चीवर बसले. मुक्ताबाईंनी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं. उठून त्यांनी पहिला फोटो खिळ्यावरून काढला, मग दुसरा, आणि सहाही फोटो, चित्रं आतल्या बाजूला करून, काखेत घेऊन ते गाडीकडे गेले. गाडी डोंगराकडे वळली नाही, बंगल्याकडे गेली. चिमाबाई रस्त्यात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होती.