पाठीवरचे हुक

टाचणीबाईच्या तोंडात उभ्या आयुष्यात शब्दांपेक्षा टाचण्याच जास्त राहिल्या. नाटक कंपनीच्या कपडेपटात तिचे केस पांढरे झाले, आणि तिथे बोलायचं काम नटांचं होतं. हिने ओठांत टाचण्या धरायच्या, गुडघ्यांवर बसायचं आणि कुणाच्या तरी झग्याची कड वर घ्यायची. कोणी काही विचारलं तर ‘हूं’ आणि ‘अंहं’ एवढ्यावर भागायचं. नाव तिथेच पडलं. आता निवृत्त झाल्यावर तोंड मोकळं झालं, तर बोलायला समोर कोणी उरलं नव्हतं. यातला विनोद तिला कळत होता, पण तो सांगायचा कोणाला, हा प्रश्न होताच.

दोन खोल्या, खिडकीशी मशीन, कोपऱ्यात डोकं नसलेला कापडी पुतळा. सकाळी चहा घेताना ती त्या पुतळ्याकडे पाठ करून बसत नसे. तेवढी रीत तिने पाळली होती. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बटणवाल्याकडे जायची आणि एकच रीळ घ्यायची. बटणवाला म्हणायचा, “आजी, एकदम डझनभर न्या की, रोज जिने कशाला चढउतार करता?” ती म्हणायची, “डझनभर नेले तर उद्या काय तुमचं तोंड बघायला येऊ?” दोघंही हसायची. ती येत होती मात्र अगदी त्यासाठीच.

लेक दुसऱ्या शहरात होती, दोन गाड्या बदलून जावं लागे अशा ठिकाणी. इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत तिची नोकरी, कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी. जावई मागे एकदा ‘जरा विचार करतो’ म्हणून वेगळा राहायला गेला होता आणि अजून विचारच करत होता. राहता राहिली नात, बिट्टी. दुधाचे दात पडून पुढे मोठं खिंडार झालेली, आणि त्या खिंडारातून वारा सोडत बोलणारी.

एका दुपारी बिट्टीचा फोन आला. “आजी, मी घुबड झालेय.”

“का गं, तुमच्या शाळेतल्या राजकन्या संपल्या का?”

“राजकन्या उंच मुलीला दिली. पण रस्ता घुबडच सांगतं. नाहीतर सगळे जंगलातच राहतील.”

“मग काम मोठंच म्हणायचं.”

“चार वाक्यं आहेत,” बिट्टी म्हणाली. मग आवाज खाली आणून, “बाई म्हणाल्या, कपडे भाड्याने मिळतात. मी म्हटलं, माझी आजी शिवते, ती खऱ्या नाटकात होती. सगळ्यांना सांगून बसलेय. शिवशील ना?”

टाचणीबाईने ‘हूं’ म्हटलं. ओठांत टाचणी नव्हती, तरी तेवढंच बाहेर आलं. किती दिवसांनी कोणी तिच्या भरवशावर काही सांगून बसलं होतं.

रात्रीच्या फोनवर तिने लेकीला म्हटलं, “मीच येते माप घ्यायला. अंगावर घालून बघते, खेळ बघते आणि परत जाते.”

“कशाला दगदग करतेस, आई? मापं मी पाठवते.” लेक हे प्रेमानेच म्हणाली. पण प्रेमाने लावलेलं दारही लागायचं तसंच लागतं. टाचणीबाईने पुढे विषय वाढवला नाही. आपण नाही तर आपल्या हातचं तरी जाऊ दे, असं तिने मनाशी ठरवलं. पोरीच्या अंगावर ते असं बसलं पाहिजे, की सगळं सभागृह विचारेल, ही कोणाची नात?

मग ती कामाला जुंपली ती जुंपलीच. पुतळ्याला जुन्या चादरी गुंडाळून, सुतळीने आवळून, त्याची बिट्टी केली. उंची जमवायला त्याचा पाय काढून त्याला स्टुलावर बसवलं. पिसं कापडाची होती. एकेक कातरायचं, कड दुमडायची आणि खालच्या ओळीपासून वर लावत जायचं, म्हणजे वरची ओळ खालचीचे टाके झाकते. छातीवर फिकी पिसं, पंखांवर गडद. टोपीवर पिवळ्या सॅटिनचे बशीएवढे डोळे आणि मधे चोच. चोच तीनदा उसवली. पहिली पोपटाची झाली, दुसरी बदकाची झाली, आणि तिसरी बघून बटणवाला म्हणाला की ही भेंडी चांगली आहे. चौथी मात्र घुबडाची झाली.

आणि हुक लावले ते पाठीवर. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. कपडेपटाचे मास्तर पहिल्याच दिवशी शिकवायचे, प्रेक्षक समोर बसतो, त्याला बटण दिसता कामा नये. राजा असो की भिकारी, कपडा समोरून अखंड हवा आणि उघडायचा मागून. मागून लावायला विंगेत माणूस असतंच. तिथे ती स्वतःच असायची. किती जणांच्या पाठी तिने अंधारात चाचपून बंद केल्या होत्या, आणि शेवटचा हुक लागला की दोन खांद्यांमधे एक थाप. थाप पडली की नट पुढे जायचा. न थापता तिने कोणाला रंगमंचावर सोडलं नव्हतं. घुबडाचे हुक तिने मानेपासून कमरेपर्यंत बारीक, जवळजवळ लावले, सुटायची सोयच ठेवली नाही.

पार्सल गेलं. खोली एकदम रिकामी झाली. पुतळा स्टुलावर चादरी गुंडाळून तसाच बसला होता, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत असल्यासारखा. खेळाच्या दिवशी तिने फोन टेबलावर ठेवला, मग हातात घेतला, मग चार्जिंगला लावला आणि शेजारी बसून राहिली. संध्याकाळी कामावरून लेकीने फोटो पाठवला. शाळेच्या बाईंनी काढलेला, सगळी जनावरं ओळीने उभी असलेला. खाली लिहिलं होतं, ‘मस्तच! घरी गेले की बोलते.’

टाचणीबाईने चष्मा लावला. ससा, कोल्हा, राजकन्या, आणि टोकाला घुबड. छाती कशी भरदार दिसत होती! डोळे असे वटारलेले की शेजारचा कोल्हा बिचारा बावरल्यासारखा वाटत होता. तिचा ऊर भरून आला. मग बोटांनी फोटो मोठा करून ती बिट्टीचा चेहरा शोधू लागली, आणि तो सापडेना. सशाचे दात दिसत होते, कोल्ह्याचे गाल दिसत होते. घुबडाच्या चोचीखाली मात्र चेहरा असायला हवा तिथे केस होते, आणि छातीच्या फिक्या पिसांवर एक वेणी लोंबत होती.

उलटं घातलं होतं. मागचं पुढे!

टाचणीबाईचा पारा चढला. एवढं जीव ओतून शिवलं आणि लेकीला पोरीच्या अंगावर सरळ घालता येऊ नये? गळा पुढे खोल आणि मागे आखूड कापलेला, म्हणजे आखूड बाजू पोरीच्या गळ्याला काचत असणार. लेक एव्हाना घरी आली असेल म्हणून तिने तडक तिच्या घरचा फोन लावला. उचलला बिट्टीने.

“आई कुठंय?”

“ड्युटीवर. आज दुपारपाळी आहे. आजी, फोटो पाहिलास?”

“पाहिला. उलटं घातलंस ना?”

“तुला कळलं?”

“मी शिवलंय, मला नाही कळणार? कोणी घातलं ते?”

“मीच. हुक मागे होते ना. माझा हात पोचेना. दोन लागले, मग तिसऱ्याला आधीचे सुटायचे. शाळेत घरूनच घालून यायचं होतं. शेजारी बेल वाजवली, पण दार नाही उघडलं कोणी. मग उशीर व्हायला लागला. मग मी फिरवलं. पुढे आल्यावर सगळे लागले, पटापट.”

टाचणीबाई उभी होती ती खुर्चीवर बसली.

“गळ्याला काचलं का गं?”

“थोडंसं. पण मग घुबडाची छाती मागे गेली. तू एवढी पिसं लावलीस, ती दिसायला नकोत का? म्हणून टोपीपण उलटी घातली आणि लोकांकडे पाठ करून उभी राहिले. सगळा वेळ. माझं वाक्य आलं की नुसती मान वळवायची आणि बोलायचं. घुबड तसंच करतं ना? सगळ्यांना वाटलं मुद्दामच आहे. खूप हसले. टाळ्या पडल्या.”

“आणि बाकीचा वेळ तू काय बघत होतीस?”

“मागचा पडदा. त्याला एक भोक आहे.”

सगळं सभागृह घुबडाकडे बघत होतं आणि पोर भोकाकडे. टाचणीबाईने विचारायचं नव्हतं तेच विचारलं. “तुझ्याकडचं कोणी आलं होतं का बघायला?”

“नाही. म्हणून तर चाललं,” बिट्टी म्हणाली, अगदी हिशेबी आवाजात. “माझं तोंड बघायला कोणी नव्हतंच.” मग घाईने, “आजी, आईला सांगू नकोस हां. मी तिला सांगितलंय की आजीने असंच घालायला शिवलंय. नाहीतर ती बाथरूममध्ये जाऊन रडते. नळ सोडून.”

“नाही सांगत,” टाचणीबाई म्हणाली.

लेकीचा फोन आला तेव्हा ती भाजी चिरायला घेऊन न चिरता बसली होती. लेक दमलेली होती पण खुशीत होती. “आई, काय डोकं चालवलंस गं! मान वळवणारं घुबड! बाई सगळ्यांना सांगत होत्या म्हणे. आणि हुक पुढे घेतलेस ते फार बरं केलंस. तिचे तिलाच लावता आले. मला दिवसभर तीच धास्ती होती, की पोरीचं कसं होईल. तुझं बाई सगळीकडे लक्ष असतं.”

टाचणीबाईच्या जिभेवर खरं आलं होतं. टाचणी धरावी तसं तिने ते ओठांत दाबलं. “हूं,” ती म्हणाली. न केलेल्या शहाणपणाची शाबासकी गिळायला फार जड गेली.

“पुढच्या महिन्यात हाच खेळ दुसऱ्या शाळेत करायचाय,” लेक म्हणाली.

“मग मी येऊ का? तयारी करून देईन तिची. एका कोपऱ्यात पडून राहीन.”

“बघू, आई. तोवर माझ्या पाळ्या कशा लागतायत, बघू.”

दोनदा ‘बघू’ म्हणजे काय, हे टाचणीबाईला चांगलं ठाऊक होतं. लेकीचा राग मात्र आला नाही. घर एवढंसं, कामाचा हा डोंगर, त्यात म्हातारं माणूस आलं की त्याचंही करावं लागतं. हे तिला पटत होतं, आणि पटूनही छातीत दुखत होतं. तिने एवढंच म्हटलं, “घुबड तेवढं पाठवून दे. गळा मोठा करते.”

घुबड आलं. हुकांजवळ कापड जरा ओढलं गेलं होतं, आणि आखूड गळ्याच्या आतून घामाची रेघ उमटली होती. ती रेघ टाचणीबाई बराच वेळ बघत बसली. मग बटणवाल्याकडे जाऊन मोठी टिचबटणं मागितली.

“तुम्ही? टिचबटणं?” तो म्हणाला. “तुमचं तर हुकाशिवाय पान हलत नाही.”

“पोरीला एकटीला लावायचीत,” ती म्हणाली. त्या दिवशी ती गप्पा मारत थांबली नाही.

पाठ तिने शिवून टाकली. मग कात्री घेतली आणि आपल्याच हाताने लावलेली छाती मधोमध उभी कापली. मास्तर असते तर त्यांनी कात्री काढून घेतली असती. पिसांच्या खाली पट्टी घेऊन बटणं अशी बसवली की बाहेरून दिसू नयेत आणि लहान बोटांना नुसत्या दाबाने लागावीत. झाल्यावर तिने डोळे मिटून एका हाताने ती लावून पाहिली, उघडली, पुन्हा लावली. टक टक टक, वरपासून खालपर्यंत. कोणीही नसताना ती लागत होती. काम नेटकं उतरलं होतं. इतकं नेटकं काम करताना इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं.

पार्सल पोचलं त्या दिवशी लेक कामावर गेलेली असताना बिट्टीचा फोन आला. धापा टाकत होती.

“आजी, घातलं! सरळ घातलं! आरशात माझं तोंडपण दिसतंय. बटणं आधी डोळे उघडे ठेवून लावली, मग मिटून लावली.”

“लोकांकडे तोंड करून उभं राहायचं आता. मान वळवायची ती पडद्याकडे वळव.”

“हो. आजी, ऐक.” टक टक टक, बटणांचा आवाज आला. “ऐकलंस? कोणाला बोलवावं लागलं नाही. शेजारी नाही, आईला नाही. तू नसलीस तरी चालतंय.”

किती आनंदाने सांगत होती पोर. टाचणीबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“शाब्बास,” ती म्हणाली. “तसंच शिवलंय ते.”