किटलीच्या पोटात वाळू

मी एक जुनी, अॅल्युमिनिअमची किटली आहे. मित्रांनो, माझ्याजवळ येताना तुम्ही नाक धरलंत तरी मला राग येणार नाही. मला स्वतःलाच माझ्या वासाची शिसारी येते. हल्ली माझ्यात म्हशींची पेंड भिजते, बुडाशी बुरशी धरते आणि काठावर माशा घोंघावतात. पण मी जन्मापासून अशी गलिच्छ नव्हते.

एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं. कोल्हापुरातल्या भांड्यांच्या दुकानातून आण्णांनी मला घरी आणलं. आण्णा म्हणजे तरुणपणी तालमीत घाम गाळलेला पैलवान गडी. आता ते रोज दोन म्हशी घेऊन गंगावेशीजवळच्या कट्ट्यावर उभे राहतात. म्हैस समोर, गिऱ्हाईक समोर, धार थेट पेल्यात! जे कट्ट्यावर येत नसत त्यांच्या घरचा रतीब माझ्यातून जाई. तो घालायला आण्णांची लेक क्रांती मला घेऊन निघे. परत आल्यावर तिची आई, आक्का, मला राखेनं घासून, कढत पाण्यानं धुऊन उन्हात पालथी घाली. रतिबाच्या घरची झुंबरबाई माझ्यात डोकावून म्हणे, "आक्काची किटली म्हंजे देवघरातलं भांडं की!" ही स्तुती मला फार आवडे. घाण मला कधीच सोसली नाही.

एके दिवशी गोठ्यात शेणावरून पाय घसरून क्रांती पडली. सगळा भार उजव्या कोपरावर आला आणि हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं. ते काढलं तेव्हा हात अर्ध्यातच अडकून बसला होता. धड सरळ होईना, धड तोंडापर्यंत पोचेना. मोठी कॉलेजात जाणारी पोरगी, पण डाव्या हातानं जेवू नये म्हणून आण्णा तिला लहान मुलासारखं भरवू लागले. ती खाली मान घालून घास घेई. हा हात पुन्हा तोंडापर्यंत जाईल का, एवढीच काळजी त्या घराला लागली होती.

डॉक्टरांनी तिला व्यायाम शिकवणाऱ्या संयोगिताताईंकडे पाठवलं. ताईंनी टेबलावर टॉवेल ठेवला, त्यावर तिचा हात ठेवला आणि हळूहळू पुढंमागं सरकवायला सांगितलं. दोघं निघाली तेव्हा ताई आण्णांना म्हणाल्या (हे मी मागाहून क्रांतीच्या तोंडून ऐकलं), "आता गळ्यातली झोळी नको. हात मोकळा सोडा. तिचा तिलाच हलवू दे."

इथंच घात झाला. तालमीत 'अंग मोकळं करणं' म्हणजे काय, ते पैलवानाला विचारा. तेल ओतायचं, गुडघा रोवायचा आणि समोरचा कण्हेपर्यंत रगडायचं. आण्णांच्या डोक्यात तेवढा एकच 'मोकळा' होता.

"टॉवेलावर हात सरकवायचा? ह्यो काय व्यायाम हाय व्हय?" असं म्हणत त्यांनी तेलाची बाटली काढली.

मग त्या घरात जे सुरू झालं ते विचारू नका. खवट तेल, आंबेहळद आणि कच्च्या अंड्याचा लेप. त्याला अशी घाण सुटली की म्हशीसुद्धा फुरफुरायच्या. शेजारीपाजारी येत आणि उचलली जीभ टाळ्याला लावत. कुणी म्हणे जोरात चोळा, कुणी म्हणे वजन बांधा. ते ऐकून आण्णांनी मला उचललं, समोरच्या बांधकामावर नेलं आणि वाळू भरली. मांजरांनी घाण केलेली वाळू! ज्या पोटात दुधाचा फेस असायचा, त्या पोटात! मी उलटी करू शकले असते तर तिथंच केली असती.

"धर ही. वजनानं हात सरळ हुतोय बघ," आण्णा म्हणाले आणि मला क्रांतीच्या उजव्या हाताला लटकवलं.

तिची बोटं पांढरी पडली. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळलं. समोर आण्णा मायेनं ओरडत होते, "आणि थोडं! माझी वाघीण हाय की!" माया इतकी किळसवाणी असू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. रोज चोळणं, रोज मी. कोपर सुजलं, तापलं आणि हात हलत होता तेवढाही हलेना.

पुढच्या वेळी आण्णा मलाही बरोबर घेऊन गेले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! संयोगिताताईंनी कोपराला बोट लावलं मात्र, क्रांती कळवळली.

"हे काय केलंत?"

आण्णांनी छाती फुगवून मला वर धरलं. "रोज चोळतोय आणि ही वाळूची किटली लटकवतोय. तुम्हीच म्हणालासा न्हवं, हात मोकळा करा?"

"मोकळा सोडा म्हणाले होते, आण्णा. करा नाही!" ताईंचा चेहरा उतरला. "कोपर असं रगडलं की मांसातच नवं हाड तयार व्हायला लागतं. मग हात कायमचा अडकतो."

"मग आता मी काय करू?"

"काहीही करायचं नाही."

"म्हंजे नुसतं बघत बसू?"

"व्हय, बघत बसा," क्रांती पहिल्यांदाच बोलली. "लई दुखत हुतं, आण्णा. तुमच्या तोंडाकडं बघून सोसलं."

आण्णांनी मला खाली ठेवलं. बाहेर पडल्यावर त्यांनी माझ्यातली वाळू रस्त्याकडेला ओतली.

वाळूनं माझं पोट आतून खरवडलं होतं. पुढं माझ्यात घातलेलं दूध नासायला लागलं, तेव्हा आक्कानं मला पेंड भिजवायला गोठ्याच्या दारात टाकलं. तिथून घराचा सोपा, म्हणजे पुढची पडवी, दिसतो. सूज उतरल्यावर क्रांती तिथं टॉवेलावर हात सरकवत बसे. शेजारी आण्णा स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत, नाहीतर ते आपोआप पुढं येत. त्यांनी आयुष्यात एवढी अवघड कुस्ती केली नसेल.

एका दुपारी आण्णांनी भाकरीचा घास मोडून पुढं केला. क्रांतीनं त्यांचं मनगट बाजूला सारलं. "थांबा की." तिनं स्वतः घास उचलला. हात हळूहळू वर आला. शेवटी मान थोडी पुढं करावी लागली, चटणी हनुवटीला लागली, पण घास तोंडात गेला. आण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी तो स्वतःच्याच तोंडात घातला.

तिचा हात पूर्ण सरळ काही झाला नाही. माझं पोटही पुन्हा चकचकीत होणार नाही. मित्रांनो, दुधाच्या भांड्यात भलतंसलतं भरू नका आणि दुखऱ्या माणसावर आपली माया रगडू नका. आधी त्याला विचारा, "दुखतंय का?" त्या घरात हे कुणीच विचारलं नाही. मी तर तिच्या हातातच होते, पण माझ्या तोंडावर झाकण होतं. तुमच्या तोंडावर नाही.