रोज संध्याकाळी मला मोजतात

मी एक जुनी फाईल आहे. निळी, प्लॅस्टिकची, पुढे बटण असलेली. ते बटण आता तुटलंय. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, फाईलला कसलं आलंय दुखणं? तर ऐका. माझं पोट फाटेस्तोवर भरलं आणि वर मलाच नावं ठेवली, "ह्या फाईलीत मेलं काही सापडतच नाही!"

मी एका कारखान्यात जन्मले. घोटावड्याच्या चिमाबाईंनी मला पौडच्या दुकानातून आणलं, त्यांची लेक उज्वला दहावी पास झाली तेव्हा. मेंढरांमागे फिरणाऱ्या त्या घरात दहावी झालेली ती पहिलीच. माझ्यात तेव्हा एकच गुणपत्रिका होती, आणि ती दाखवायला येईल त्या पाहुण्यासमोर मला फळीवरून खाली काढत. काय थाट होता माझा!

पुढे उज्वला बी.एस्सी. झाली, नोकरी शोधायला लागली आणि माझे हाल सुरू झाले. पिरंगुटचे कारखाने, हिंजवडीची ऑफिसं, जागा दिसेल तिथे अर्ज. कुठे काय पाठवलं, कोणाशी बोलली, काही लिहून ठेवायची नाही. "लक्षात राहतं माझ्या," म्हणायची. डोंबलाचं राहतं! माझ्या पोटात तीन तऱ्हेचे बायोडाटा, चुरगळलेल्या चिठ्ठ्या, नाव नसलेले फोन नंबर, वर मेंढरांच्या लसीचे कागद आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. स्कूटीच्या सीटखाली कोंबून ती मला दारोदार न्यायची, आणि जिथे तिथे एकच उत्तर, "कळवतो." कुणी म्हणून कळवलं नाही. तिची चिडचिड माझ्यावर निघायची, मी माझी कुणावर काढू?

त्यात दिवाळी जवळ आलेली. दिवाळी झाली की हे घर कळप घेऊन कोकणात उतरतं, ते पावसाच्या तोंडावरच परततं. उज्वलाचे वडील नाथाआबा, त्यांनी साफ सांगितलं होतं, "दिवाळीपातुर नोकरी लागली तर ऱ्हा हितं मावशीकडं. न्हाई तर आमच्यासंगं चल. नुसती बसून काय करशील?"

एका दुपारी एका कंपनीतून फोन आला. "तुम्ही आमच्याकडे कुठल्या पोस्टसाठी अप्लाय केलं होतं?" उज्वलाने मला घाईघाईने उपडं केलं. सगळे कागद जमिनीवर.

"मॅडम, एक मिनिट... स्टोअरची ना?"

"आमच्याकडे स्टोअरची जागाच नाहीये," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

जागा प्रयोगशाळेतली होती. ती चिठ्ठी लग्नपत्रिकेत अडकून बसली होती. मी सांगणार कशी? उज्वलाने मला भिंतीवर भिरकावलं, बटण तेव्हाच तुटलं. असा संताप आला मला! चूक हिची आणि मार मला. मग ती रडायला लागली, आणि मला काय करावं ते कळेना.

नाथाआबा दारात बसून बघत होते. म्हणाले, "म्या रोज सांजच्याला वाड्यात घेताना मेंढरं मोजतो. मग शेरडं, मग घरातली माणसं. मोजल्याबिगर भाकर खात न्हाई. तू येवढी शिकल्याली, तुजी मोजणी कुटं हाय?"

"आबा, कागद म्हंजी काय मेंढरं हायेत का?"

"हरवायला तशीच हायेत की."

तिला ते झोंबलं. तिने एक वही केली. कंपनी, जागा, अर्जाची तारीख, कोणाशी बोलणं झालं, पुढे काय करायचं, सगळं एका ओळीत. लस आणि लग्न दोन्ही माझ्यातून हाकलली. उरले सात मूळ कागद. रोज संध्याकाळी ती ते मोजायची, आणि आबा बाहेरून विचारायचे, "भरली का गं समदी?"

दिवाळीला आठ दिवस असताना दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून फोन आला. ह्या वेळी वही उघडून उज्वलाने धडाधड सांगितलं. मुलाखत दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला, मूळ कागदांसकट. त्याच दुपारी तिने पिरंगुटला जाऊन झेरॉक्स काढल्या. संध्याकाळी मोजते तर सहा.

"आबा, एक कमी हाय!" ती दाराकडे धावली. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका नव्हती.

आबा ताटावरून उठले. "मेंढरू चुकलं तर ते शेवटाला कुटं दिसलं तितं जायाचं. बोल, कुटं दिसलं?"

मला घेऊन दोघं स्कूटीवरून पिरंगुटला पोचले तेव्हा झेरॉक्सवाले नरहरीकाका शटर ओढत होते. त्यांनी यंत्राचं झाकण उचललं. काचेवर पालथी पडली होती बया! "रोज कुणीतरी मूळ कागद हितंच ठेवून जातंय," काका म्हणाले, "आन आठ दिवसांनी बोंबलत येतंय."

मित्रांनो, मला नवीन बटण नको, कव्हर नको. माझ्यात काय आहे तेवढं रोज बघत जा. ते केलं नाहीत तर फाईलीला शिव्या देऊ नका, सांगून ठेवते.

नोकरी लागली. कळप निघाला त्या सकाळी उज्वला कंपनीच्या कपड्यांत, मला काखेत धरून रस्त्याकडेला उभी होती. नाथाआबांनी मेंढरं मोजली, शेरडं मोजली, माणसं मोजली. थबकले. पुन्हा मोजली.

"एक कमी हाय गं," ते चिमाबाईंना म्हणाले.

"अवो, ती काय तितं हुबी," चिमाबाईंनी आमच्याकडे बोट केलं.

आबांनी बघितलं. "व्हय की," म्हणाले, आणि कळपामागे चालू लागले.