आजोबांच्या खिडकीखालचा हीट पंप

मित्रांनो, घराच्या मागच्या अंगणात, एका खिडकीखाली, राखाडी रंगाची पेटी घुमताना दिसली तर ती मी. मी एक जुना हीट पंप आहे. माझे धड अंगणात असते आणि तोंडे दोन; एक बैठकीच्या खोलीत, दुसरे आजोबांच्या खोलीत. हिवाळ्यात मी बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करून आत नेतो. उन्हाळ्यात आतला उकाडा उचलून बाहेर टाकतो. बघा, तुमच्याही भुवया वर गेल्या. गार हवेत कसली आली ऊब? हाच प्रश्न मी आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत वाचत आलो आहे.

कारखान्यात माझी जोडणी झाली, चाचण्या झाल्या, पाठीवर शिक्के बसले आणि मी एका दुकानाच्या कोपऱ्यात येऊन पडलो. तिथे एक दिवस बस चालवणारी एक बाई आली. दुकानदाराने माझ्या शेजारच्या सगळ्यात मोठ्या पंपाची तोंड फाटेस्तोवर स्तुती केली.

"मोठाच घ्या ताई, कमी पडायला नको."

"तुम्ही माझं घर बघितलंय का?" तिने विचारले.

"नाही, पण..."

"मग कमी पडेल की जास्त होईल, हे कशावरून ठरवलंत?"

ती निघून गेली. मला वाटले, संपले. पण पुढे कळले, ती एका मेकॅनिक बाईंना घरी घेऊन गेली होती. त्यांनी खोल्या मोजल्या, खिडक्यांच्या फटी चाचपल्या, ऊन कुठून येते ते विचारले आणि आधी छताला ऊब धरून ठेवणारे अस्तर लावायला सांगितले. मोठा पंप लहान घरात सारखा चालू-बंद होत राहतो आणि लवकर झिजतो, हेही त्यांनीच सांगितले. मग बाई परत आली ती माझ्यासाठी. माझी निवड कौतुकाने झाली नाही, संशय फिटल्यावर झाली. मला ते आवडले.

त्या घरात तिचे वडील राहत. गल्लीतली मुले त्यांना आजोबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. धुलाईच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात बॉयलर सांभाळला होता. घरीही धुराड्याची मोठी शेगडी तेच पेटवत. सगळ्यांच्या आधी उठून कोळसे रचायचे, राख काढायची, घर गरम झाले की लेकीला हाक मारायची. पण कोळशाच्या धुळीने त्यांना खोकला जडला होता आणि उन्हाळ्यात त्यांची खोली भट्टीसारखी तापे. म्हणून लेकीने मला आणले. मोठी शेगडी गेली, धुराडे बुजवले गेले.

आजोबांनी पहिल्याच दिवशी अंगणात येऊन माझ्या पंख्यासमोर हात धरला. हिवाळ्यात माझ्या धडातून गार वारा निघतो, कारण ऊब मी काढून घेतलेली असते. पण त्यांना ते कोण सांगणार?

"अगं, हा तर गारवा सोडतोय," ते लेकीला म्हणाले. "तोही माझ्याच खिडकीखाली. तुला फसवलंय त्या मेकॅनिक बाईने."

"बाबा, आतला हात लावून बघा की."

त्यांनी आतही हात लावला. "कोमट आहे," ते म्हणाले. मी दिवसभर हळूहळू ऊब देतो. शेगडीसारखा चटका देणे मला जमत नाही.

शेजारी रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. टाचणी पडली तरी त्यांना ऐकू जाई, म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणत. माझा सूर जरा चढला की ते कुंपणाशी हजर. "हा आज वेगळाच घुमतोय," असे म्हणून माझ्याकडे असे बघत, जणू मी त्यांच्या घरात चोरी करायला निघालो आहे. खरे सांगू? मलाही माणसांचा भरवसा वाटेनासा झाला होता. कोण कधी माझी वायर ओढेल याचा नेम नव्हता.

मग आजोबांनी त्यांच्या खोलीतले माझे तोंड बंद करायला सुरुवात केली. लेक कामावर गेली की रिमोटचे बटण दाबत. खिडकीच्या फटींत त्यांनी जुन्या कापडाचे बोळे ठासले, माझा गारवा आत येऊ नये म्हणून. आणि कपाटामागून एक लहान शेगडी काढून, दार लावून, तिच्यात निखारे फुलवू लागले. मी भिंतीवरून सगळे बघत होतो. बंद खोलीत निखारे काय करतात हे मला माहीत होते. पण मला वाचा कुठे होती?

एका कडाक्याच्या सकाळी माझ्या अंगावर जाड बर्फ साचला. असे झाले की मी थोडा वेळ माझे काम उलटे फिरवतो आणि बर्फ वितळवतो. तेव्हा सूर बदलतो आणि पांढरी वाफ उठते. कानसेनांनी सूर ऐकला, वाफ पाहिली आणि कुंपण ओलांडून धावत आले. शेवटी पेटलाच, असे त्यांना वाटले. आजोबांना सावध करायला त्यांनी खिडकीवर थाप मारली. उत्तर नाही. काचेतून त्यांना खुर्चीत कलंडलेले आजोबा दिसले.

कानसेनांनी कुंडी उचलून काच फोडली. आवाजाने, रात्रपाळी करून नुकतीच परतलेली लेक धावली, दाराला खांदा लावून आत शिरली आणि दोघांनी आजोबांना उचलून अंगणात आणले. ते माझ्याच शेजारी पडून होते, चेहरा निस्तेज, श्वास उथळ. मी तेव्हा बर्फ झटकत होतो. याहून असहाय मी कधीच नव्हतो.

दवाखान्यात प्राणवायू मिळाला आणि आजोबा वाचले. शुद्धीवर आल्यावर ते पहिले वाक्य काय बोलले, हे लेकीने घरी येऊन कानसेनांना सांगितले तेव्हा मला कळले. "त्या यंत्राने विषारी वायू सोडला. काढून टाक ते."

"मग तू काय म्हणालीस?" कानसेनांनी विचारले.

"विचारलं, कपाटाशेजारची शेगडी कुणाची? कोळशाच्या त्या वायूला वास नसतो, झोप लागावी तसा माणूस जातो, असं डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं. बाबांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, सकाळी घर मी गरम करत होतो. आता बटण दाबलं की होतं. मग माझं या घरात काम काय?" ती पायरीवर टेकली. "मला वाटत होतं, त्यांचा यंत्रावर विश्वास नाही. त्यांना भीती माझी होती, काका. मी त्यांना अडगळीत टाकीन याची."

आजोबा घरी आले. लेकीने उपदेश केला नाही. माझे फिल्टर धुवायचे असतात, भोवतीचा पालापाचोळा काढायचा असतो, ते तुम्ही बघा, एवढेच म्हणाली.

"उगाच मन राखायला काम काढतेस," आजोबा म्हणाले. त्यांनी स्वतः मेकॅनिक बाईंना फोन लावला, खोदून खोदून विचारले. काम खरे आहे याची खात्री झाली, तेव्हाच त्यांनी बाह्या वर सारल्या. अंगावर बर्फ आला की मला वाफ का सुटते, हेही त्यांनी समजून घेतले आणि कानसेनांना शिकवले.

मित्रांनो, माझ्यावर शंका जरूर घ्या. मला घेताना घर मोजायला लावा, प्रश्न विचारा, उत्तर पटले नाही तर उठून या. पण शंका मनात कोंडून, दार लावून बसू नका. बंद खोलीत निखारे ठेवू नका. आणि घरातल्या कुणाचे काम काढून घेताना, त्याला दुसरे काय देणार आहात, याचाही विचार करा. माझे फिल्टर धूत जा, अंगावरची पाने काढत जा. आम्ही यंत्रे बोलत नाही.

यंदा वसंत लागला आणि मला विश्रांती मिळाली. थंडी नाही, उकाडा नाही. आजोबा अंगणात आले, माझ्याजवळ उभे राहिले, कान लावला आणि पत्र्यावर हात ठेवला. मग लेकीला हाक मारून हळूच म्हणाले, "अगं, हा सकाळपासून गप्प आहे. बरा आहे ना?"