रथाखालचं तणस

रथातून तिसरी बाई उचलून बाहेर आणली, तेव्हा सगळ्या गावाने हात जोडले. बाईचे डोळे अर्धवट मिटलेले, मान लुळी आणि गाल लालगुलाबी.

"तेज चढलं हो तिच्या तोंडावर," माझी बायको भागीरथा म्हणाली.

रथ म्हणजे जुनी लक्झरी बस. आत पलंग, फ्रीज, संडास, एसी. मागे काचा पक्क्या बंद केलेली 'समाधी-खोली'. आणि खाली सामानाच्या कप्प्यात डिझेलचा जनरेटर. मालक ऊर्जानंद महाराज, मुक्काम आमच्या गोंडपिपरी तालुक्यात पाच दिवस.

"मोबाईल डिस्चार्ज हो गया तो क्या करते हो?" महाराज विचारायचे. "चार्जिंगला लावता ना? फिर आत्मा को कौन चार्ज करेगा? इथे भगवंताचा डायरेक्ट करंट आहे!"

मी माजरीच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. करंटने आत्मा चार्ज झालेला मी कधी पाहिला नाही, माणसं मात्र गेलेली पाहिली. पण गावात हे बोलायची सोय नव्हती. गुणवंतरावाला रिटायर झाल्यापासून सगळ्यातच खोट दिसते, असं लोक म्हणायचे.

महाराजांनी सेवा एकच मागितली होती, घरटी तणसाची, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाची, एक पेंढी. जनरेटरच्या घरघरीने जप मोडतो, म्हणून बसच्या खालून चारी बाजूंनी तणस गच्च कोंबायचं. धान नुकतंच झोडून झालं होतं, त्यामुळे दुपारपर्यंत दीडशे पेंढ्या जमल्या. मी मोठा जाणकार. मला भीती वाटली ती आगीची. "पेंढ्या भिजवून लावा," असं मीच सांगितलं. ओल्या तणसाने फटी आणखी घट्ट बुजल्या. माझ्या घरची पेंढीही त्यातच होती.

आमच्या शेजारी केवळराम आणि प्रेमिला राहतात. तलावावर मासेमारी करून पोट भरतात. त्यांचा मिथुन दोन वर्षांपूर्वी त्याच तलावात बुडाला, नऊ वर्षांचा होता. प्रेमिला दुसऱ्या दिवशी अर्धा तास रथात बसली. बाहेर ओकली, डोकं धरून बसली, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"भाऊ, मले मिथुन दिसला," ती मला म्हणाली. "ओल्या कपड्यानं उभा होता. उद्या महाराज पुरा घंटाभर बसवून राह्यले मले. उद्या तो बोलन."

 डोकेदुखी, ओकारी, भास हे शब्द रात्रभर डोक्यात फिरत राहिले. खाणीतल्या ट्रेनिंगमध्ये विषारी वायूची हीच लक्षणं आमच्याकडून घोकून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी मी मंडपात पोचलो तेव्हा प्रेमिला आत जाऊन पाऊण तास झाला होता. महाराज बाहेर खुर्चीवर उन्हात बसले होते. समाधी चालू असताना ते एकदाही मागच्या खोलीत गेले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी सरळ कप्प्याकडे गेलो, तणस उपसलं आणि जनरेटर बंद केला.

"समाधी भंग केली! पाप लागेल!" महाराज उठले. गावातल्याच दोघांनी माझी कॉलर धरली. केवळराम मात्र माझ्याकडे पाहत होता.

"केवळराम, दार उघड, बाईले बाहेर काढ. आतमध्ये जहर आहे."

त्याने दार उघडलं. प्रेमिला पडलेली होती. गावची आशाताई रंजीता मंडपातच होती; तिने प्रेमिलाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"बघा! मशीन भी बोलती है, सब ठीक," महाराज म्हणाले.

"ह्या जहरात ते मशीन फसते, रंजीता," मी म्हणालो. "रक्तात काय बसलं ते त्याले समजत नाई. गाडी बोलाव, हिले ऑक्सिजन पाहिजे."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तेच सांगितलं. कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तणसाने बाहेरची वाट बुजली, म्हणून धूर बसच्या तळाच्या फटींतून वरच्या बंद खोलीत भरत होता, आणि धुराचा जो वास येतो तो धूप-उदबत्तीत लपला होता. आणखी दहा मिनिटं झाली असती तर बाई वाचली नसती.

दुसऱ्या दिवशी महाराज पळायच्या बेतात होते. केवळरामने बससमोर आपली बैलगाडी आडवी घातली. बसचा ड्रायव्हर बिरजू तिथेच खाली बसला आणि बोलायला लागला.

"पहिले असं काई नव्हतं. मागच्या साली एका गावात लोकायनं आवाजासाठी आपल्याच मनानं तणस कोंबलं. त्या दिवशी दोन बाया पडल्या. महाराज म्हणे, समाधी लागली. तवापासून हरेक गावात तणस मागते."

तरी लोकांचा विश्वास बसेना. मग आम्ही जनरेटर उतरवला, तीस पावलांवर उघड्यावर ठेवला, लांब केबल ओढली, तणस काढलं, काचा उघडल्या. तोच जप, तोच धूप. सात बायका तासभर बसल्या, भागीरथाही बसली. कोणालाच तेज चढलं नाही. सातांतली एक म्हातारी तेवढी घोरत होती. मग पोलिसांना फोन केला.

मी हात जोडून सांगतो, जनरेटर माणसांपासून लांब आणि उघड्यावर ठेवा. त्याच्या धुराची वाट कशानेही बुजवू नका, श्रद्धेने तर मुळीच नाही. बंद जागेत डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी दार उघडून बाहेर या. आणि जो महाराज दुसऱ्याला आत बसवून स्वतः मोकळ्या हवेत बसतो, त्याला तिथेच विचारा, काऊन?

माझा पण एक हिशेब आहे. पेंढी माझीही होती, भिजवायची अक्कल माझीच. प्रेमिला घरी आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. 

"मले दिसला तो मिथुन नोहता?"

"तुले दिसला हे खरं. पण तो तिथं नव्हता, बाई. हवा नव्हती म्हणून दिसला."

"मंग पुन्हा एकदा तणस लावा, भाऊ. थोडाच वेळ बसतो."

 केवळराम उठला. मंडपाजवळ पडलेल्या ढिगातली एक पेंढी त्याने आणली, अंगणात सोडली आणि गाईपुढे टाकली. मग तो प्रेमिलाजवळ येऊन बसला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती दोघं मिथुनचं नाव घेऊन मोठ्याने रडली.