सहावं बोट

मी खिळ्यावर लटकणारी काठी बोलतेय. हातभर लांब, टोकाशी एक खाच. दोन भावांचा लाकडी खोकी बनवायचा कारखाना आहे. फिरत्या करवतीकडे फळी ढकलायची आणि माणसाची बोटं लांब ठेवायची, एवढंच माझं काम.

धाकट्याने मला एका तुटक्या फळीतून घडवलं खरं, पण नंतर मी खिडकीखाली भुशात पडून होते. "एवढ्याशा फळीला काठी कशाला?" म्हणत दोघेही हातानेच ढकलायचे. खरचटलं की फुंकर मारायची, पुन्हा काम.

एकदा वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या. त्यांनी मला भुशातून उचललं, करवतीशेजारच्या भिंतीत खिळा ठोकला आणि मला अडकवलं.

"भावजी, हे तुमचं सहावं बोट. आता शोधायला नको."

त्यांनी आधी किती वेळा कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं! जे सांगून झालं नाही, ते एका खिळ्याने केलं. धाकट्याचा हात आपसूक माझ्याकडे यायला लागला.

मग मोठ्या भावाने घड्याळ आणलं. काम करता करता वेळ दिसावी म्हणून त्याला माझाच खिळा हवा होता.

"दादा, मग काठी?"

"दाराआड टांग. पळून जातेय का ती?"

मी कुठे पळणार? पण दार चार पावलं लांब, आणि काम घाईचं. सुरुवातीला धाकटा मला न्यायला यायचा. मग "ही एकच फळी" म्हणू लागला. अशा एकेक फळ्या मी दाराआडून ऐकत होते.

एका दुपारी करवतीचा सूर मध्येच बदलला. "फडकं आणा, फडकं!" मोठा ओरडला. आणायला तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

धाकटा कामावर परतला तेव्हा उजव्या हाताची तर्जनी नव्हती. वहिनींनी घड्याळ उतरवलं, मला जागेवर अडकवलं. मोठा मान खाली घालून स्वच्छ जमीनच झाडत राहिला.

धाकट्याने मला हातात घेतलं. पकड सैल होती.

"वहिनी, आता हे पाचवं."

कुणी हसलं नाही.

घड्याळ हल्ली दाराआड असतं. वेळ बघायला मोठा उठून जातो, परतताना मला एकदा चाचपतो. बाबांनो, माझा हा खिळा तेवढा कुणाला देऊ नका.