तेल घातलेलं कुलूप

"माझ्याशी बोलताना हिला कधी असं हसू फुटत नाही ते," कुलूपवाला पुटपुटला, तेही हातातल्या कुलपाशी.

"बाबा, ते काही उत्तर देणार नाही," जमिनीवर वह्या पसरून बसलेली लेक म्हणाली. "आणि आईला मात्र ऐकू जाईल."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत त्याची बायको फोनवर हसत होती. दर बुधवारी दवाखान्यातल्या एका ताईंचा फोन यायचा. दवाखान्यातून एक पुस्तक मिळालं होतं, ते एकटीनं वाचून तसं वागायला अवघड, म्हणून आठवड्यातून अर्धा तास या ताई सोबतीला. त्या औषध देत नसत की रागावत नसत. कुलूपवाल्याच्या मते बाई नुसतं "हं, मग?" म्हणत असणार. तेवढं त्यालाही जमलं असतं. पण त्याला विचारतो कोण!

पुस्तक कशाबद्दल आहे हे मात्र घरात कुणी बोलत नसे. 'आईचं ते' म्हटलं की भागायचं.

स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप त्यानंच लावलं होतं. तिनंच मागितलं होतं, खाली मान घालून. "माझ्या हाताला लागेल असं खायचं काही उघड्यावर ठेवू नका." त्यानं दुकानातलं सगळ्यात देखणं पितळी कुलूप आणलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. एवढ्या संसारात पहिल्यांदाच तिचं त्याच्यावाचून काहीतरी अडत होतं. खरं सांगायचं तर ते त्याला गोड लागलं होतं.

दार उघडलं. तिचा चेहरा नुकताच धुतल्यासारखा.

"अहो, कपाटाचं कुलूप काढायचंय. कडी-कोयंड्यासकट."

"कुणी सांगितलं?"

"ठरलं आमचं."

'आमचं.' भातात खडा यावा तसा तो शब्द त्याच्या दाताखाली आला.

"म्हणजे आता कुलपातलंही त्यांनाच कळतं?"

"कुलपातलं नाही, माझ्यातलं कळतं. दिवसभर उपाशी राहायचं नाही, वेळच्या वेळी खायचं. आणि खाणं कोंडून ठेवायचं नाही. कोंडलं की तेच डोक्यात नाचत राहतं."

"मग मला इतकी वर्षं काय कळत होतं?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

तो पेचकस घेऊन कपाटापुढे बसला. पेचकस नुसताच स्क्रूवर टेकवला.

"स्क्रू गंजलेत. निघायचे नाहीत."

"बाबा! अख्ख्या बाजाराच्या तिजोऱ्या उघडता तुम्ही!"

"मग बोलव त्या ताईंना. त्या काढतील फोनवरून."

बायको हसली. अगदी बुधवारचं हसू. त्याचा हात आपोआप फिरला आणि स्क्रू गंजल्याचं काही चिन्ह न दाखवता एकामागून एक बाहेर आले. कुलूप त्यानं फडक्यावर ठेवलं. तिनं ते उचललं, तळहातावर तोललं.

"रात्री केसातल्या पिनेनं उघडायची मी हे," ती म्हणाली. रोजच्या आवाजात, भाजी आणायची राहिली म्हणावं तसं. "एवढं नाव तुमचं, आणि कुलूप असं लोण्यासारखं. कुरकुर म्हणून नाही."

"पितळ आहे. तेल घालावं लागतं."

"इतकं?"

तो फडक्याला बोटं पुसत राहिला.

"आणि कपाटातला बिस्किटांचा डबा? मी रिकामा करायची आणि सकाळी तो भरलेला. मला वाटायचं, मीच मोजण्यात चुकते."

लेक वह्या गोळा करून हळूच बाहेर गेली.

"ताईंना मी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "कसं होतं, किती होतं, नंतर किती लाज वाटते, सगळं. एवढं सोडून. डब्याचं आणि तेलाचं नाही सांगितलं."

त्याला आधी बरं वाटलं. चला, एक गोष्ट तरी त्या फोनपासून वाचली, आपल्या वाट्याला राहिली. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. किल्ली खिशातून काढून त्यानं कुलपाशेजारी, तिच्या तळहातावर ठेवली.

"सांग त्यांना, तेल मीच घालायचो आणि डबाही मीच भरायचो," तो म्हणाला. "तू अंधारात कपाटापुढे बसून खायचीस ना, तेव्हा मी झोपलेला नसायचो गं. मी जागाच असायचो."